भाजलेली मुळाक्षरं

हमदाम-अका पाणी खात्यात तेवीस वर्षं नोकरीला होते आणि या तेवीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही कागद झाला नव्हता. कोकंद शहराच्या तूतझोर मोहल्ल्यात त्यांना जो मान होता तो यासाठीच. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना 'अका', म्हणजे थोरले भाऊ, म्हणत. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि डोक्यावरची काळी चौकोनी टोपी बाराही महिने एकाच कोनात. अशा माणसाविरुद्ध बेकायदा भट्टी चालवल्याची तक्रार व्हावी, आणि तीही मुळाक्षरांपायी, हे तूतझोरमध्ये कुणाला आधी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं.

सुरुवात एका चिठ्ठीने झाली. पहिलीच्या बाई सालोमत यांनी ती ओयगुलच्या दप्तरात घालून पाठवली होती. 'मुलांना घरी अक्षरं खेळातून शिकवा. वाळूत गिरवा, कडधान्यं मांडून बघा, कणकेची अक्षरं करा. हाताला अक्षर कळलं की डोक्याला कळतं.' त्याखाली लिहिलं होतं की तीन आठवड्यांनी मुळाक्षरांचा सण आहे. पहिलीतलं प्रत्येक मूल स्टेजवर येऊन एक शब्द जुळवून दाखवेल. ज्यांना अजून जुळवता येत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ती मुलं मागे फुगे धरून उभी राहतील.

"मला फुगा धरायचा नाही," ओयगुल म्हणाली.

ही मुलगी घरी एवढी बोलायची की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्यांना तिचा आवाज पाठ होता. अक्षरंही एकेकटी सगळी ओळखायची. पण दोन अक्षरं शेजारी आली की तिची बोलती बंद व्हायची. मागे एकदा वर्गात ती अडखळली, मुलं हसली, आणि त्या दिवसापासून शाळेत तिने तोंड उघडलं नव्हतं.

"कोण धरायला लावतोय फुगा?" हमदाम-अका म्हणाले. "बाप बसलाय ना घरात. तीन आठवड्यांत तुला शब्द काय, पुस्तक जुळवायला शिकवतो."

हे त्यांनी फार सहज म्हटलं, पण त्याला आधार काहीच नव्हता. हमदाम-अका शाळेत होते तेव्हा देशात रशियन वळणाची अक्षरं होती. मग सरकारने नवी अक्षरं आणली आणि तोवर अकांना मिशी फुटली होती. मिशी फुटलेल्या माणसाने बाराखडी गिरवायची कशी? त्यांनी ते उद्यावर टाकलं, आणि त्या उद्याला आता बरीच वर्षं झाली होती. कचेरीत टाइप करायला झमीरा होती, ती नव्या अक्षरांत कागद करायची आणि अका खाली झोकदार सही ठोकायचे. दुकानांच्या पाट्या अंदाजाने वाचता येत. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, बायकोला मुनव्वरलासुद्धा नाही.

म्हणून त्यांनी झमीराकडून 'मुलीसाठी' एक चिठ्ठी टाइप करून घेतली. वर नवी एकोणतीस अक्षरं, प्रत्येकाखाली तोच आवाज जुन्या वळणात. तिची चौघडी करून त्यांनी ती टोपीच्या अस्तरात खोचली. ओयगुलने काही विचारलं की अका टोपी काढायचे, डोकं खाजवायचे, टोपीत एकदा नीट बघायचे, आणि मग उत्तर द्यायचे. "बाबा किती विचार करतात," असं ओयगुल शेजारी कौतुकाने सांगायची.

मुनव्वर त्या वेळी अंदिजानला होती. तिच्या बहिणीला मुलगा झाला होता आणि बाळ-बाळंतिणीचे चाळीस दिवस पुरे झाल्याशिवाय ती हलणार नव्हती. ती घरात असती तर पुढचं काही घडलंच नसतं, हे नंतर तिने स्वतःच बऱ्याच वेळा सांगितलं.

पहिला प्रयोग मुगाचा. बापलेकीने दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी पसरतात त्या कापडावर, मुगाचे दाणे मांडून निम्मा शब्द केला आणि चहाला उठले. तेवढ्यात शेजारच्या रोबिया-खोला नान द्यायला आल्या. खोला म्हणजे मावशी, पण या साऱ्या गल्लीच्या मावशी होत्या. त्यांच्या अंगणात तंदूर होता आणि गल्लीची नानं त्याच भाजायच्या. त्यांना वाटलं, बायको घरी नाही, बिचारा एकटाच मूग निवडत बसलाय. त्यांनी दया येऊन सगळे दाणे ओच्यात भरून नेले आणि संध्याकाळी मूग-तांदळाची पातेलंभर पेज आणून दिली. निम्मा शब्द शिजून परत आला. चवीला चांगला होता.

दुसरा प्रयोग वाळूचा. समोरच्या टॅक्सीवाल्याने घरबांधणीतली ओली वाळू परातीत भरून दिली आणि वर सल्ला दिला, "अका, उन्हात ठेवा, मऊ होते." उन्हात ठेवली. मांजराला ती फार आवडली. त्या परातीविषयी यापुढे काही लिहिण्यासारखं नाही.

उरली कणीक. आता, बाईंच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी दोन ओळी होत्या. 'कणकेत वाटीभर मीठ घाला, म्हणजे अक्षरं वाळून टिकतात आणि मुलं ती खात नाहीत.' पण पुढची बाजू पुन्हा नीट वाचतानाच अकांना दोनदा टोपी काढावी लागली होती. त्यामुळे मागची बाजू त्यांनी मनातल्या मनात मंजूर करून टाकली. कचेरीत लांबलचक कागदांचं ते असंच करत.

म्हणून त्यांनी कणीक मळली ती जशी घरात मळतात तशी. मैदा, कोमट दूध, चिमूटभर मीठ आणि खमीर. ओयगुलने वळ्या केल्या, अकांनी त्या टोपीत बघून वाकवल्या, आणि दुपारपर्यंत फळीवर एकोणतीस अक्षरं ओळीने झोपली. मग बापलेक पाय मोकळे करायला गेले. परत आले तेव्हा अक्षरं उठून बसली होती. ज्यांना पोट होतं त्यांचं पोट सुटलं होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना नव्याने आलं होतं.

भिंतीवरून रोबिया-खोलांचं डोकं वर आलं. "हमदाम, हे काय मांडलंयस? पीठ फुगून फळीवरून उतरायला लागलंय!"

"अक्षरं आहेत, खोला. ओयगुलच्या अभ्यासाची."

"तुझ्यासाठी असतील अक्षरं. फुगलेलं पीठ म्हणजे नान. आता काय करणारेस त्याचं?"

"वाळवेन म्हणतो."

"नान वाळवणारेस? आणि मग? टाकणारेस?" खोलांचा आवाज एवढा चढला की टॅक्सीवाला गाडीखालून बाहेर आला. "तुझ्या आईने तुला हे शिकवलं? आण इकडे. तंदूर तापलाय."

खोलांनी एकेका अक्षराला मागून पाण्याचा हात लावला, वर तीळ टाकले आणि छोट्या कापडी गादीवर घेऊन तंदुराच्या भिंतीवर थापलं. दोन अक्षरं राखेत पडली. खोलांनी ती चिमट्याने काढली, फुंकली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि इतरांत ठेवली. अर्ध्या तासात एकोणतीस अक्षरं खरपूस भाजून टोपलीत आली. ओयगुलने टाळ्या वाजवल्या. अकांनाही वाटलं, झालं ते बरंच झालं.

पण आता ती अक्षरं राहिली नव्हती, ती नानं झाली होती. नान जमिनीवर ठेवत नाहीत. नान पालथं घालत नाहीत. नानावरून पाय टाकत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीला मात्र अक्षर जमिनीवर पसरून, उलटंपालटं करून बघायचं असतं. ओयगुलने एक अक्षर पालथं केलं की भिंतीपलीकडून "तौबा!" असा आवाज यायचा. खोलांना भिंतीपलीकडून दिसायचं कसं हे अकांना शेवटपर्यंत कळलं नाही. अका स्वतः खोलीत अंगठ्यांवर चालू लागले. दस्तरखान चोवीस तास पसरलेलं, आणि घरचे यजमान भिंतीला पाठ लावून सरकत जायचे.

नान शिळं व्हायच्या आत खावं लागतं, ही आणखी एक पंचाईत. पण ओयगुल खाऊ देईना. "मग मी शब्द कशाचा करू?" या प्रश्नाला टोपीतही उत्तर नव्हतं.

"सोपं आहे," खोला म्हणाल्या. "जुनी खायची, नवी करायची. पण एका अक्षरासाठी मी तंदूर पेटवणार नाही हं. भाजायची तर पन्नास भाजायची."

त्या दिवसापासून हमदाम-अका सकाळी अक्षरं दुधाच्या चहात कुस्करून खाऊ लागले, दुपारी कचेरीत डब्यातून अक्षरं खाऊ लागले, आणि रात्री खोलांच्या रश्श्यात बुडवून अक्षरं खाऊ लागले. उरलेली कोरडी अक्षरं पिशवीत भरून पाखरांसाठी तुतीच्या फांदीला टांगली. एका पिशवीच्या तीन झाल्या.

गल्लीतल्या पोरांना याचा वास लागला नसता तर नवल. आधी दोन आली, मग सात. प्रत्येकाला स्वतःचं नाव हवं होतं. आया वाडग्यातून मैदा घेऊन अंगणात उभ्या राहू लागल्या. "अका, आमच्या मदीनाचंही करा ना. तिची पण परीक्षा आहे." अकांना नाही म्हणणं जमलं नाही, कारण त्यांना इतकं महत्त्व पाणी बंद असल्याशिवाय कुणी दिलं नव्हतं. टोपी गुडघ्यावर उलटी ठेवून ते अक्षरं वळत आणि बायका आपसांत कुजबुजत, "बघ कसे मान खाली घालून करतात. नमाज पढल्यासारखे."

घात केला तो 'र'ने. जुन्या वळणात 'र' म्हणजे एक दांडी आणि वर पोट. नव्या अक्षरांत तेच चित्र 'प'चं आहे, आणि 'र'ला शिवाय खाली एक तिरका पाय असतो. तो पाय टोपीतल्या चिठ्ठीवर नेमका घडीत येऊन पुसला होता. त्यामुळे रावशन नावाच्या गुणी मुलाच्या हातात 'पावशन' असं गरमागरम नाव पडलं. त्याच्या आजीला कुणीतरी ते वाचून दाखवलं. आजीने ते नान कपाळाला लावलं, खाल्लं, तोंड पुसलं आणि मोहल्ला समितीत जाऊन तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष तुर्दिअली-ओता बगलेत फाइल मारून दारात उभे राहिले. पांढरी दाढी, कमरेला भरतकामाचा मोठा रुमाल, वय ऐंशीला टेकलेलं. सारी गल्ली त्यांना ओता म्हणायची, आजोबा म्हणावं तसं. ते येताच अकांनी उठून छातीवर हात ठेवला. पाहुणा आला की आधी चहा, चहाबरोबर नान, आणि नान पाहुण्याने मोडायचं. यातलं काहीच टाळता येत नाही. आणि घरात अक्षरांशिवाय दुसरं नान नव्हतं.

"तक्रार आहे, हमदाम," ओता बसत म्हणाले. "राहत्या घरात भट्टी. नोंदणी नाही, परवाना नाही. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." असं म्हणून त्यांनी समोरच्या टोपलीतलं एक गोल नान उचललं, बिस्मिल्ला म्हणून मोडलं आणि तुकडा तोंडात घातला.

"ते माझं 'ओ' आहे!" ओयगुल किंचाळली. "माझ्या नावातलं पहिलं! थुंका!"

तूतझोर मोहल्ल्याच्या अध्यक्षांवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता, आणि नान थुंकायला तर कुणीच सांगितलं नव्हतं. ओतांना थुंकता येईना, कारण ते नान होतं. गिळता येईना, कारण समोर मूल रडत होतं. ते गालात घास धरून डोळे विस्फारून बसले. अकांना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं, पण दस्तरखान पसरलेलं असल्यामुळे तीही सोय नव्हती. शेवटी ओतांनी डोळे मिटून गिळलं आणि त्यांच्या दाढीवरून घामाचा एक थेंब ओघळला.

"लेखी स्पष्टीकरण दे," ते उठत म्हणाले. "तीन दिवसांत. नव्या अक्षरांत. आणि स्वतःच्या हाताने, टाइप केलेलं चालणार नाही. जिल्हा आता जुन्या अक्षरांचा कागद घेत नाही."

त्याच संध्याकाळी अंदिजानहून फोन आला. "अहो, बहिणीच्या दिराला बाजारात कळलं, तुम्ही नोकरी सोडून नानं विकताय?"

"विकत नाही गं. वाटतो."

"म्हणजे करताय हे खरं!" मुनव्वर म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. तो ठेवल्याचा आवाज कोकंदपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

स्पष्टीकरण लिहायला बसल्यावर अकांची खरी शोभा झाली. टाइप केलेलं अक्षर ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर ते एकामागून एक जुळवणं वेगळं. 'मी' लिहायला त्यांनी तीनदा टोपी काढली. 'नानवाला नाही' इथे ते घामाघूम झाले. ओयगुल शेजारी येऊन बसलेली त्यांना कळलंच नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला येत नाही?"

तेवीस वर्षांची नोकरी, झोकदार सही, टोपीचा कोन, हे सगळं अकांच्या डोळ्यांसमोरून गेलं. "विसरलो," ते म्हणाले.

"सगळं?"

"बरंचसं."

ओयगुलने त्यांच्याकडे बघितलं. वर्गातली मुलं तिच्याकडे बघत तसं नाही. मग ती उठली, टोपली घेऊन आली आणि दस्तरखानावर नानं मांडू लागली. "घाबरू नका. एकेक घ्यायचं. हे बघा, हे आणि हे शेजारी ठेवलं की काय होतं? तोंड उघडून म्हणा." अकांनी तोंड उघडून म्हटलं. "आता मोठ्याने. कुणी हसत नाही." पाच मिनिटांपूर्वी जिला दोन अक्षरं जुळवता येत नव्हती ती चार चार जुळवू लागली. बाप आपल्याहून कच्चा आहे हे कळल्यावर तिला धीर आला होता. अका मांडलेलं बघून कागदावर उतरवत. एका ओळीला एकोणतीस अक्षरं पुरेनात, तेव्हा खोलांनी आणखी पन्नास भाजून दिली. अकरा ओळींच्या स्पष्टीकरणाला तीन दिवस आणि दोन पोती धीर लागला.

मधे एकदा अकांनी सवयीने टोपी काढली, तर चिठ्ठीवर 'र'ला पेन्सिलीने काढलेला पाय दिसला. आपणच केव्हातरी काढला असेल, असं म्हणून त्यांनी टोपी परत घातली.

स्पष्टीकरण असं होतं: 'मी हमदाम एर्गाशेव नानवाला नाही. मला नान करता येत नाही, हे माझी बायको लिहून देईल. मी मुलीसाठी अक्षरं केली. ती फुगली. फुगलेलं पीठ टाकायचं कसं, म्हणून भाजलं. भाजलेलं नान टाकायचं कसं, म्हणून वाटलं. यात नफा झालेला नाही. पोट बिघडलेलं आहे, ते माझंच. रावशनच्या आजीची माफी मागतो. रावशनला नवा 'र' दिला आहे. तुर्दिअली-ओतांचीही माफी मागतो, पण तो 'ओ' खरंच तिचा होता.'

तुर्दिअली-ओतांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडे केला. मग खिसे चाचपले. "चश्मा घरी राहिला," ते म्हणाले. "तूच वाच." चश्मा त्यांच्या नाकावर होता. अकांनी त्याकडे बघितलं नाही आणि सगळं वाचून दाखवलं. ओतांनी तक्रार फाइलीतून काढून दुसऱ्या फाइलीत ठेवली, जिथून कागद परत येत नाहीत. जाता जाता त्यांनी विचारलं, "ही नान-अक्षरं, मोठ्या माणसांनाही लवकर येतात का रे?"

चाळीस दिवस पुरे करून मुनव्वर सणाच्या आदल्या दिवशी परतली. अंगणातल्या तीन पिशव्या, कमी झालेलं मैद्याचं पोतं आणि वाढलेला नवरा, हे तिने बघून घेतलं. "मी जरा पाठ फिरवली तर घरभर लिहून ठेवलंत की हो," एवढंच म्हणाली. मग ओयगुलने तिला आजीचं, मावशीचं आणि नव्या बाळाचं नाव जुळवून दाखवलं आणि मुनव्वरने पोत्याचा विषय पुन्हा काढला नाही.

ओयगुलच्या वाट्याला 'बहोर' हा शब्द आला होता, म्हणजे आपली बहार, वसंत. शाळेत पुठ्ठ्याची अक्षरं होती, पण तिला नानाचीच हवी होती. हातांना तीच ओळखीची होती.

"हमदाम-अका, मी मीठ घाला म्हणून लिहिलं होतं," सालोमत बाई स्टेजमागे म्हणाल्या. "मागच्या बाजूला."

मुनव्वरने नवऱ्याकडे बघितलं. अकांनी छताकडे बघितलं.

ओयगुलचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. पडद्याच्या फटीतून तिला भरलेला हॉल दिसत होता. पुढे तुर्दिअली-ओता, त्यांच्यामागे पाणी खात्याचे मोठे साहेब, नातीसाठी आलेले, आणि त्यांच्यामागे सगळी गल्ली. स्टेजच्या कडेला दोन मुली फुगे धरून खाली बघत उभ्या होत्या. ओयगुलने त्यांच्याकडे बघितलं, मग पिशवीतून एक जास्तीचा गोल 'ओ' काढला, त्याचा एक घास खाल्ला आणि उरलेलं नान दोन्ही हातांनी बापाच्या हातात दिलं.

रोबिया-खोलांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला असंच एक घास खाल्लेलं नान फडक्यात टांगलेलं होतं. मुलगा कामासाठी कोरियाला गेला तेव्हा त्याने घास घेऊन ठेवलं होतं. लांब जाणाऱ्याचं नान घरात त्याची वाट बघतं, आणि उरलेलं त्यानेच येऊन संपवायचं असतं. ओयगुलने खोलांना त्याबद्दल दहा वेळा विचारलं होतं.

"मी परत आले की संपवीन," ती म्हणाली. "तोवर पाडायचं नाही."

"नाही पाडणार," अका म्हणाले.

स्टेजवर बाईंनी शब्द मांडायला जमिनीवर फळी ठेवली होती. ओयगुल फळीपाशी आली आणि थांबली. नान जमिनीवर? हॉलमध्ये चुळबूळ झाली. तेव्हा पहिल्या रांगेतून तुर्दिअली-ओता उठले, कमरेचा भरतकामाचा रुमाल सोडत पायऱ्या चढले आणि त्यांनी तो फळीवर पसरला. ओयगुलने 'ब' ठेवला. 'अ' ठेवला. 'ह' ठेवला.

"नान आणलंय हिने! भूक लागलीय हिला!" मागून एक मुलगा ओरडला आणि हॉल हसला. वाईट हसला नाही, पण हसला. ओयगुलचा हात पिशवीत तसाच राहिला. तिने खाली मान घातली. सालोमत बाईंनी अगदी मायेने फुग्यांकडे बघितलं.

हमदाम-अका उठून उभे राहिले. दोन्ही हातांत घास खाल्लेलं नान होतं, त्यामुळे टोपी काढायची सोय नव्हती.

"ओयगुल," ते मोठ्याने म्हणाले, "पुढचं कुठलं गं? मला येत नाही."

मोठे साहेब मान वळवून बघू लागले. अकांचे कान लाल झाले, पण ते बसले नाहीत. "खरंच येत नाही," ते म्हणाले. "आमच्या वेळी दुसरी अक्षरं होती. नवी मी शिकलोच नाही. तू सांगितल्याशिवाय मला कळणार नाही."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तिथले निम्मे बाप एकदम आपापल्या बुटांकडे बघत होते. ओयगुलने मान वर केली. घरी स्पष्टीकरणाच्या वेळी बघायची तशी तिने बापाकडे बघितलं, थोडं वैतागून आणि बरंचसं मायेने.

"बाबा, 'ओ'! तुमच्या हातातच आहे की!"

अकांनी हातात बघितलं. खरंच होता. आता हॉल पुन्हा हसला आणि ओयगुलही हसली. तिने पिशवीतला दुसरा 'ओ' ठेवला.

"आणि मग?"

"मग 'र'. दांडी, पोट आणि पाय."

"पाय कुठल्या बाजूला, बेटी?" पहिल्या रांगेतून ओतांनी घाईघाईने विचारलं.

"उजव्या, ओता," ओयगुल म्हणाली आणि तिने 'र' ठेवला. त्याचा पाय खोलांनी मुद्दाम जाड केला होता. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं, तोंड उघडून वाचलं, "बहोर!"

टाळ्या थांबायच्या आत ती खाली बसली. नान मांडून ठेवून निघून जात नाहीत. सुरुवातीला कुणाला एक अक्षर न खाऊ देणाऱ्या या मुलीने 'ब' मोडून फुगेवाल्या दोघींना दिला, 'अ' बाईंना दिला, 'ह' ओरडणाऱ्या मुलाला खाली नेऊन दिला, 'ओ' तुर्दिअली-ओतांना दिला, आणि 'र' रावशनच्या आजीला. ओतांनी या वेळी तिची परवानगी विचारून खाल्ला.

मग ती धावत बापाकडे आली. "माझं द्या."

अकांनी जपलेलं नान तिच्या हातात ठेवलं. ती तिथेच बाकावर बसून सगळं खाऊन संपवत होती आणि अका तिच्याकडे बघत होते. मोठे साहेब शेजारून जाताना थांबले, काहीतरी बोलायचं म्हणून थांबले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "हमदाम, तो 'र'चा पाय, उजवीकडेच ना?" अकांनी मान हलवली.

"बाबा," शेवटचा घास खाता खाता ओयगुल म्हणाली, "ती टोपीतली चिठ्ठी आहे ना, तिची घडी फाटत आलीय."

अकांचा हात टोपीकडे गेला. "तुला माहीत होतं?"

"तुम्ही झोपला होता तेव्हा टोपी पडली. 'र'ला पाय नव्हता, तो मी काढला आणि परत आत ठेवली." तिने मांडीवर पडलेला कण उचलून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. "आता चिठ्ठी नको. मला विचारत जा."

हमदाम-अकांनी टोपी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं डोकं खाजवलं.